मिनी मंत्रालयाच्या पायऱ्या

१९५२च्या सुरुवातीला हैदराबाद राज्यात पहिल्यांदा प्रौढ मतदानाने विधानसभा निवडली गेली. तीत पडलेल्या उमेदवारांमध्ये शंकरराव चव्हाण हे एक नाव होते. वय एकतीस. शिक्षणाने वकील, पण वकिली बाजूला ठेवून मुक्तिसंग्रामात उतरलेले आणि उमरखेडच्या सरहद्द कॅम्पवरून काम केलेले. विधानसभा हुकल्यावर ते नांदेड नगरपालिकेत गेले आणि नगराध्यक्ष झाले. १९५६च्या नोव्हेंबरात मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा यशवंतराव चव्हाणांच्या सरकारात ते उपमंत्री झाले. १९७५मध्ये मुख्यमंत्री.

नगरपालिकेतून मंत्रालयात, असा हा सरळ जिना आज कोणालाही ओळखीचा वाटेल. त्या काळच्या नांदेडला मात्र त्याची पहिली पायरीच नवीन होती. चार वर्षांपूर्वीपर्यंत इथे जिल्ह्याचा मुख्य म्हणजे अव्वल तालुकदार, गावात माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी, आणि दप्तर सगळे उर्दूत. पलीकडे सोलापूर-नगरच्या मुलखात रिपनच्या १८८२च्या ठरावानंतर, १८८४च्या कायद्याने लोकल बोर्डे आली होती. त्यांचे अधिकार तुटपुंजे होते, मतदारही मूठभर होते, पण दोन-तीन पिढ्यांना मते मागण्याची आणि हिशेब विचारण्याची सवय लागली होती. निजामाच्या राज्यात बोर्डे होती ती कागदावरची म्हणावीत अशी. सभासद बहुतांशी नेमलेले, वर अधिकारी बसलेला. १९३८ला स्टेट काँग्रेसने सत्याग्रह केला तो जबाबदार राज्यपद्धतीसाठी. निजाम सरकारने १९३९मध्ये सुधारणा जाहीर केल्या, त्यात माणसाला मत देण्याऐवजी जमीनदार, व्यापारी, वकील अशा गटांना प्रतिनिधी देण्याची योजना होती. तीही नीट अमलात आली नाही. पुढे रझाकारांचे नेतृत्व ज्याने केले तो कासीम रझवी लातूरचाच वकील. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाने शस्त्रे खाली ठेवली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांत या मुलखातला प्रत्येक प्रौढ माणूस मतदार झाला. पुण्या-साताऱ्याला जे सत्तर वर्षांत पायरीपायरीने मिळाले, ते मराठवाड्याला एका दमात मिळाले. इथल्या स्थानिक राजकारणाबद्दल नाके मुरडणारे ही गोष्ट विसरतात.

नकाशाही तेव्हा स्थिर नव्हता. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत नांदेड जिल्ह्यातला मुधोळ तालुका आंध्रात गेला आणि आदिलाबादेतून किनवट इकडे आले. राजुराही नांदेडला जोडला गेला आणि तीन वर्षांनी चांद्याकडे गेला. बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके उस्मानाबादेत आले. लातूर हा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका. पण बाजारपेठ म्हणून त्याचा दबदबा जिल्ह्याच्या गावापेक्षा मोठा होता. गंजगोलाईच्या मधोमध उभे राहिले की सोळा रस्ते सोळा दिशांनी फुटतात. त्या रस्त्यांनी गूळ, हळद, डाळी यायच्या आणि माणसेही यायची. लातूरच्या नगरपालिकेची खुर्ची म्हणजे या गंजावरची, आडत्यांच्या आणि हमालांच्या मोहल्ल्यांवरची खुर्ची. १९६७ ते ६९ आणि पुन्हा १९७१-७२मध्ये ती चाकूरच्या शिवराज पाटलांकडे होती. पुढे ते लोकसभेचे सभापती आणि देशाचे गृहमंत्री झाले.

खेड्यांकडे सत्ता गेली ती १९६२ला. बलवंतराय मेहता समितीने देशाला त्रिस्तरीय पंचायत राज सुचवले होते. महाराष्ट्राने ते आपल्या पद्धतीने कसे आणावे, हे ठरवण्यासाठी जून १९६०मध्ये तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मार्च १९६१ला तिचा अहवाल आला, २२६ शिफारशींचा. त्यातल्या दोन गोष्टींनी इथले राजकारण घडवले. एक, जिल्हाधिकाऱ्याला झेडपीबाहेर ठेवा, कारभाराला स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी द्या. दुसरी, आमदार-खासदारांना झेडपीत जागा नको. अव्वल तालुकदाराच्या दारात उभे राहून वाढलेल्या माणसांना कलेक्टर आपल्या सभेत नसणे ही काय चीज होती, ते आज उमगणे कठीण आहे. आणि आमदार बाहेर राहिल्याने तालुक्यात पुढाऱ्यांची दुसरी फळी उभी राहायला जागा झाली. १९६१चा कायदा १ मे १९६२पासून लागू झाला, त्याच उन्हाळ्यात निवडणुका झाल्या आणि ऑगस्टमध्ये राज्यभर पंचवीस जिल्हा परिषदा कामाला लागल्या.

शाळा, दवाखाने, गावरस्ते, पाझर तलाव, विहिरी हे सगळे झेडपीकडे आले. शिक्षकांच्या बदल्याही आल्या. ‘मिनी मंत्रालय’ हे नाव काही उगाच पडले नाही. पण खेड्यातल्या माणसाला झेडपी दिसली ती पंचायत समितीच्या सभापतीच्या जीपमधून. समितीचे नाव रंगवलेली सरकारी जीप धूळ उडवत वेशीतून आत आली की चावडीवर गर्दी व्हायची. आधीच्या पिढीला गावात येणारी सरकारी स्वारी म्हणजे तहसीलदार किंवा फौजदार एवढेच ठाऊक. आता त्यातून उतरणारा माणूस शेजारच्या गावचा, कदाचित सोयरिकीतला असायचा. त्याच्याशी भांडता यायचे, पाच वर्षांनी त्याला पाडता यायचे. अर्थात तो बहुतेक वेळा मोठ्या जमिनीवाल्या घरचाच असे. माली पाटलाची पागोटी जाऊन टोपी आली, वाडा तोच राहिला, अशी परिस्थिती पुष्कळ गावांत होती आणि ती नाकारण्यात अर्थ नाही.

या जिन्याने वर गेलेला सर्वांत गाजलेला माणूस म्हणजे विलासराव देशमुख. लातूरजवळच्या बाभळगावचे. पुण्यात शिकून, वकिली घेऊन परत आले आणि १९७४मध्ये गावचे सरपंच झाले. त्याच काळात उस्मानाबाद झेडपीचे सदस्य, लातूर पंचायत समितीचे उपसभापती. १९८०ला आमदार, १९९९च्या ऑक्टोबरात मुख्यमंत्री. गावच्या मासिक सभेत दिवाबत्तीवरून होणारी वादावादी आणि विधानसभेतली वादावादी यांची जात एकच असते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. समोरच्याचे बोलणे हसत ऐकून घेण्याची त्यांची हातोटी पंचायतीतलीच असावी, असा माझा तर्क आहे.

इथपर्यंत गोष्ट चढती आहे. पण याच जिन्याच्या मधल्या पायऱ्या एकदा तेरा वर्षे गायब होत्या. १९६२, १९६७, १९७२ अशा वेळच्या वेळी झालेल्या झेडपीच्या निवडणुका नंतर रेंगाळल्या. १९७९ला झाल्या आणि त्यानंतर थेट १९९२ला. मुदती वाढत गेल्या, शेवटी प्रशासक आले. या मधल्या वर्षांत मराठवाड्याने दोन मुख्यमंत्री दिले होते. १९८५ला शिवाजीराव पाटील निलंगेकर, मार्च १९८६ला दुसऱ्यांदा शंकरराव चव्हाण. निवडणुका त्यांच्याही काळात झाल्या नाहीत. नांदेडच्या माजी नगराध्यक्षाच्या राज्यात झेडप्या मुदतवाढीवर चालाव्यात, यातला विनोद तेव्हा कोणाच्या लक्षात आला होता की नाही कोण जाणे. लातूरचे तर आणखीच गमतीचे. १६ ऑगस्ट १९८२ला लातूर जिल्हा झाला, जिल्हा परिषद आली, कार्यालय आले, पण नव्या जिल्ह्याच्या लोकांना तिच्यासाठी मत द्यायला पुढची दहा वर्षे वाट पाहावी लागली.

याच खंडात शेतकरी संघटनेने एक धाडस जाहीर केले होते. नोव्हेंबर १९८६मध्ये चांदवडला बायकांचे प्रचंड अधिवेशन भरले. तिथे ठराव झाला की येत्या झेडपी निवडणुकीत संघटनेकडून सगळ्या जागांवर बायका उभ्या करायच्या. नांदेड-परभणीकडे संघटनेचा जोर होता, लाल बिल्ले लावलेल्या बाया कापसाच्या आंदोलनात तुरुंगात जाऊन आलेल्या होत्या. हे पॅनल उभे राहिले असते तर काय झाले असते, याचा अंदाज बांधायलाही जागा नाही, कारण ‘येती निवडणूक’ आलीच नाही. आली तेव्हा १९९२ उजाडले होते. तोवर महाराष्ट्र सरकारने बायकांना तीस टक्के जागा कायद्याने राखून दिल्या होत्या, पाठोपाठ ७३वी घटनादुरुस्ती येऊ घातली होती. त्या दुरुस्तीनंतर १९९४मध्ये राज्य निवडणूक आयोग स्थापन झाला आणि निवडणूक घ्यायची की नाही हे ठरवणे सरकारच्या मर्जीबाहेर गेले, निदान कागदावर. २०११ला बायकांचा वाटा निम्म्यावर आला. ‘सरपंचपती’ हा नवा मानकरी तीस टक्क्यांबरोबरच आला होता. सहीपुरत्या सरपंचबाई आणि कारभार करणारे मालक, ही थट्टा वीस वर्षे चालली. पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला निवडून आलेल्या बायकांनी बीडीओच्या टेबलावर हात आपटून निधी मागितलेला पाहिलेली माणसेही याच तालुक्यांत आहेत.

थेट निवडणुकीचा खेळही याच काळातला. मुख्यमंत्री विलासरावांच्या सरकारने २००१मध्ये नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा कायदा केला. अध्यक्ष एका पक्षाचा, सभागृह दुसऱ्याचे असे कितीतरी गावांत झाले आणि २००६ला विलासरावच मुख्यमंत्री असताना तो मोडीत निघाला. २०१६ला फडणवीस सरकारने तो परत आणला, २०१७ला सरपंचही थेट केला. २०२०ला आघाडी सरकारने काढला, २०२२ला पुन्हा आला. ज्याला जे सोयीचे ते त्याने केले.

दोन्ही शहरे मात्र तोवर नगरपालिकेच्या मापात मावेनाशी झाली होती. नांदेड आणि वाघाळा या नगरपालिका मिळून २६ मार्च १९९७ला नांदेड-वाघाळा महानगरपालिका झाली. २००८च्या गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने केंद्राचा भरपूर पैसा आला, रस्ते रुंदावले, पूल झाले. लातूरला महापालिकेचा दर्जा मिळाला २०११च्या ऑक्टोबरात.

लातूरची पहिली निवडणूक एप्रिल २०१२ला झाली. सत्तरपैकी काँग्रेस ४९, राष्ट्रवादी १३, शिवसेना ६, रिपाइं २. भाजपच्या नावापुढे शून्य. चार महिन्यांनी, १४ ऑगस्टला, विलासराव गेले. त्याच ऑक्टोबरात नांदेडला मतदान झाले. ८१पैकी काँग्रेसने ४१ जागा घेतल्या, म्हणजे काठावर. पण राज्यभर चर्चा झाली ती एमआयएमच्या अकरा नगरसेवकांची. हैदराबादच्या या पक्षाला महाराष्ट्रात मिळालेले हे पहिले मोठे यश. कारणे अनेक सांगितली गेली. मला त्यात जुन्या राजधानीशी तुटूनही न तुटलेला धागा दिसतो. नांदेडहून हैदराबाद आजही मुंबईच्या निम्म्या अंतरावर आहे. सोयरीक, दवाखाना, खरेदी तिकडची, मग सभेला येणारा पुढारी परका कसा वाटेल?

२०१६चा उन्हाळा लातूर विसरणार नाही. मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, टँकरच्या रांगेत मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाणीगाडी आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. फलाटावर फुले वाहायला पुढारी आले, पाण्याच्या श्रेयाचे फलक लागले. रेल्वे केंद्राची, राज्य भाजपचे, नळ काँग्रेसच्या महापालिकेचे. आठ-आठ, दहा-दहा दिवस नळाकडे पाहत बसलेल्या घरातला राग कोणावर निघणार हे उघड होते. त्याच जुलैत संभाजी पाटील निलंगेकर मंत्री झाले आणि लातूरचे पालकमंत्रिपद त्यांच्याकडे आले. हे घराणेही साधे नव्हे. आजोबा माजी मुख्यमंत्री, आणि २००४ला नातवाने त्यांनाच निलंग्यात पाडलेले. त्याच वर्षी शिवराज पाटलांना लोकसभेला हरवणाऱ्या रूपाताई या संभाजीरावांच्या मातोश्री.

फेब्रुवारी २०१७ला लातूरची झेडपी काँग्रेसच्या हातून गेली. ५८पैकी भाजप ३६, काँग्रेस १५. पडझडीत विलासरावांचे धाकटे चिरंजीव धीरज एकुर्गा गटातून निवडून आले. चव्हाण आणि देशमुख घराण्यांच्या पुढच्या पिढीतला झेडपीच्या पायरीवरून चढलेला हा एकटाच. शंकररावांचे चिरंजीव अशोक चव्हाण १९८७ला थेट लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते, विलासरावांचे थोरले अमित देशमुख थेट विधानसभेत गेले. वडील ज्या जिन्याने चढले तो या मुलांना लागला नाही, कारण घरच वरच्या मजल्यावर होते.

एप्रिलमध्ये महापालिका. प्रभाग आता चार सदस्यांचा होता. लातुरात अठरा प्रभाग, त्यातले बहुतेक असे चार जागांचे. यंत्रावर अ, ब, क, ड अशा जागा, पांढरी, गुलाबी, पिवळी, निळी मतपत्रिका. चारही जागांची चार बटणे दाबल्याशिवाय, किंवा नको असेल तिथे ‘नोटा’ दाबल्याशिवाय, मतदान पुरे होत नाही. वयस्कर माणसे एक बटण दाबून निघायची आणि केंद्रावरचा कर्मचारी ‘आजी, अजून तीन राहिले’ म्हणून परत बोलवायचा. एवढ्या मोठ्या प्रभागात गल्लीतल्या कार्यकर्त्याची ओळख पुरत नाही, चिन्हाची ओळख लागते. चार बटणे एकाच चिन्हाची दाबा, हे सांगणे सोपे जाते. भाजपला ते मानवले. २१ तारखेला निकाल लागला तेव्हा भाजप ३६, काँग्रेस ३३, राष्ट्रवादी १. पाच वर्षांत शून्यावरून छत्तीस. देशमुखांच्या गढीला भगदाड पडल्याचे मथळे दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी छापले.

आता नांदेड, असे मग बोलले जाऊ लागले. मोहिमेची सूत्रे लातूर जिंकून आलेल्या निलंगेकरांकडे होती. लोह्याचे शिवसेना आमदार प्रताप पाटील चिखलीकर उघडपणे भाजपच्या प्रचारात होते. मुख्यमंत्री सभेला येऊन गेले. समोर काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष अशोक चव्हाण, २०१४च्या मोदी लाटेतही नांदेड राखलेले. वीस प्रभाग, त्यातल्या प्रभाग दोनमध्ये मतदानाची चिठ्ठी दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्रे प्रयोग म्हणून बसवली होती. ११ ऑक्टोबरला मतदान, १२ला मोजणी. दुपारपर्यंत मोजणी केंद्राबाहेरच्या फटाक्यांचा आवाज एकाच बाजूने येत होता. काँग्रेस ७३, भाजप ६, शिवसेना १, अपक्ष १. एमआयएम शून्य, राष्ट्रवादी शून्य. जीएसटीने वैतागलेले व्यापारी आणि २०१२ला एमआयएमकडे गेलेली मते परत काँग्रेसकडे वळणे ही कारणे तेव्हा पुढे आली आणि ती खरीही असतील. पण लातुरात चार बटणांचा जो फायदा भाजपला झाला, नेमका तोच नांदेडात काँग्रेसला झाला, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. वारे ज्याचे, त्याला ही पद्धत सगळा प्रभाग देऊन टाकते, आणि हरणाऱ्याच्या पदरात काही उरत नाही.

लातुरातली भाजपची सत्ता पुरती पाच वर्षेही टिकली नाही. नोव्हेंबर २०१९मध्ये मुंबईत सत्तेचा घोळ चालू असताना इकडे महापौरपदाची निवड आली, भाजपचे नगरसेवक फुटले आणि काँग्रेसचे विक्रांत गोजमगुंडे महापौर झाले. पडलेले भाजपचे उमेदवारही गोजमगुंडेच. नांदेडात २०१९च्या लोकसभेला चिखलीकरांनी अशोक चव्हाणांना हरवले.

आणि मग पुन्हा तोच जुना खंड. ओबीसी आरक्षणावर मार्च २०२१ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, त्यानंतर प्रभागरचना, बांठिया आयोग, ‘जैसे थे’चे आदेश अशा तारखा पडत गेल्या. २०२२मध्ये दोन्ही झेडप्यांची आणि दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि खुर्चीवर प्रशासक बसले. १९७९ ते ९२मध्ये जे सरकारच्या चालढकलीने झाले, ते या वेळी कोर्टकज्ज्यात झाले. गटारीची तक्रार घेऊन जायचे कोणाकडे, तर माजी नगरसेवकाकडे, आणि तो म्हणायचा, ‘मी आता माजी.’ ६ मे २०२५ला न्यायालयाने निवडणुका घ्याच म्हणून बजावले.

मधल्या काळात, फेब्रुवारी २०२४ला, अशोक चव्हाण भाजपमध्ये गेले होते. १५ जानेवारी २०२६ला दोन्ही शहरांनी एकाच दिवशी मतदान केले. प्रचारात भाजपच्या प्रदेशाध्यक्षांनी लातूरच्या सभेत विलासरावांच्या आठवणी पुसल्या जातील असे म्हटले आणि शहर त्या एका वाक्यावर पेटले. माफीनाम्याने ते विझले नाही. लातूरने काँग्रेसला सत्तरपैकी ४३ जागा दिल्या. नांदेडने ८१पैकी ४५ भाजपला. २०१७च्या निकालाच्या बरोब्बर उलट, पक्ष पाहिला तर. घर पाहिले तर नांदेडात काही बदललेच नाही. सात दशकांपूर्वी शंकररावांना नगराध्यक्ष करणारे हे शहर अजून चव्हाणांकडेच आहे. फक्त पंजावर शिक्का मारण्याची सवय असलेल्या जुन्या मतदारांना या वेळी घरोघर जाऊन सांगावे लागले की साहेबांचे बटण आता कमळाचे.